सांगलीच्या जुन्या भागात नऊ-दहा लाखांची घरं: घ्यावीत का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात नोकरी, आईचं माहेर सांगलीचं, हाताशी ४० लाख. पुण्यात तेवढ्यात मनासारखं काही येत नाही. सांगलीत एजंटनं नऊ-दहा लाखांची चार घरं दाखवली आहेत. दोन गावभागात नदीकडच्या अंगाला, एक खणभागात (खाली जुना भाडेकरू असलेलं) आणि एक शामरावनगरात गुंठेवारीतलं (म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं). चारही घ्यायची, भाड्यानं लावायची आणि दहा वर्षांनी भाव आला की विकायची, असा तुमचा विचार. जोडीला अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ५०० डॉलरला घरं मिळायची, असा एक व्हिडिओही तुम्ही पाहिला आहे.

मी सांगलीत सिव्हिल इंजिनिअर आहे. बँकांसाठी मिळकतींचं मूल्यांकन आणि जुन्या घरांची तपासणी हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे अशा घरांच्या भिंती आणि कागद दोन्ही माझ्या हाताखालून जातात. उत्तर लांबेल, पण पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डेट्रॉइटचं. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेलं ते शहर २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आलं आणि २०१३ मध्ये महापालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. मोटारींचे कारखाने गेले, माणसं गेली, घरं तेवढी मागं राहिली. कर थकलेल्या घरांच्या लिलावात दुसऱ्या फेरीची बोली ५०० डॉलरपासून सुरू व्हायची, हे खरं आहे. पण बाजारभाव कोसळला तरी घरपट्टी जुन्या, चढ्या मूल्यांकनावरच येत राहिली. पाचशे डॉलरचं घर आणि त्याच्यावर वर्षाला हजारो डॉलर कर! लांबून घरं घेणाऱ्या बऱ्याच जणांची घरं कर थकून पुन्हा त्याच लिलावात गेली. सरकारी कागदावरची किंमत बाजारापेक्षा जास्त असली की स्वस्त घर महाग पडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो आपल्याकडेही लागू आहे आणि पुढं हिशेबात येणार आहे.

सांगली मात्र डेट्रॉइट नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण ४ लाख ३६ हजार होती, २०११ च्या जनगणनेत ती पाच लाखांवर गेली. शहर रिकामं होत नाही, ते नदीपासून लांब सरकतंय. ज्याला जमलं तो गावभागातून उठून विश्रामबागेत, मिरज रस्त्याला, कुपवाडच्या बाजूला गेला. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेली, म्हाताऱ्या माणसांनी घर सांभाळलं, ती गेल्यावर कुलूप लागलं. म्हणजे तुम्हाला घर विकतोय तो सबंध गावाला कंटाळलेला माणूस नव्हे. गावातल्या एका ठरावीक भागातून, ठरावीक कारणानं बाहेर पडलेला माणूस तुम्हाला घर विकतोय. म्हणून ‘सांगलीत गुंतवणूक करावी का’ या प्रश्नाला माझ्याकडे एकच एक उत्तर नाही. समोरचं घर कशामुळे स्वस्त आहे आणि ते कारण तुमच्या पैशानं नि मेहनतीनं दूर होण्यासारखं आहे का, एवढंच दर घरागणिक बघावं लागतं.

ते कारण शोधायची माझी पहिली पायरी कुठल्याही कचेरीत नसते. मी शेजाऱ्यांकडे जातो.

जुन्या पेठेत घराला घर लागून असतं, मधली भिंत सामाईक असते. सहाशे चौरस फुटांची अरुंद, लांबट जागा तुमच्या-माझ्यासाठी सहाशे फूटच असते. शेजाऱ्याची जागा मात्र ती मिळाली की एकदम दुप्पट होते, रस्त्याकडची रुंदी वाढते, नवं बांधता येतं. त्यामुळे अशी जागा विकायची झाली की पहिला निरोप शेजाऱ्याला जातो आणि दुसऱ्या कुणाहीपेक्षा चार पैसे जास्त द्यायला तोच तयार असतो. आता ते घर एजंटमार्फत पुण्यातल्या माणसापर्यंत पोचलंय, याचा अर्थ डावीकडचा नको म्हणाला, उजवीकडचाही नको म्हणाला. का म्हणाले ते त्यांनाच विचारा. एजंटला बरोबर न घेता, दुपारच्या निवांत वेळी जा. ‘काकू, हे शेजारचं घर बघतोय, घेऊ का?’ एवढं सरळ विचारलं तरी आपल्याकडची माणसं चहा टाकतात आणि सगळं सांगतात. धाकट्या भावाची सही झालेली नाही, मागची भिंत गेल्या पावसात फुगली, २०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, वाटणीचा दावा कोर्टात आहे की मिटलाय. सर्च रिपोर्टमध्ये (वकील जुने नोंदणीकृत दस्त तपासून देतो त्या अहवालात) जे येत नाही तेही तिथं कळतं.

कधी शेजारी म्हणतात, ‘घर चांगलं आहे हो, पण आमचीच पोरं बाहेर, आम्ही कुणासाठी घ्यायचं?’ हे कारण ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण दहा वर्षांनी तुम्ही विकायला निघाल तेव्हा नैसर्गिक गिऱ्हाईक हेच दोन शेजारी असणार आहेत, आणि तोवर त्यांच्याही दाराला कुलूप लागलेलं असेल. तुमच्या बेतातला ‘भाव आला की विकू’ हा भाग मला सगळ्यात कच्चा वाटतो तो म्हणून.

आता पाणी. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीनदा. दहा वर्षं घर ठेवायचं असेल तर एखादा महापूर तुमच्या वाट्याला येईल असं धरूनच हिशेब मांडा.

प्रत्येक घरासाठी एक आकडा मिळवायचा: हे घर आयर्विनच्या कितव्या फुटाला बुडतं? सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता हे भाग चाळिशीच्या आसपासच अडचणीत येतात. गावभागात पाणी त्यानंतर येतं, पण तिथंही एका बोळातलं घर कोरडं राहतं नि पुढच्या बोळातलं कमरेएवढ्या पाण्यात असतं. ‘नदी इथून लांब आहे’ हे एजंटचं वाक्य कानाआड करा. पाणी समोरून, घाटावरून चालत येत नाही. ते शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून आणि गटारांतून उलटं चढतं. हरिपूरला वारणा मिळते, ती तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, आणि मग घरासमोर पाऊस नसतानाही पाणी उभंच राहतं. २०१९ ला अनेक घरांत ते आठवडाभर होतं. मातीच्या घराचा जीव काढायला तेवढे दिवस पुरतात.

पुराच्या बाबतीत कागदावरही एक गोष्ट आहे. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामाला मनाई असते. जुन्या अधिकृत घराच्या जागी पुन्हा बांधायला किंवा दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायला परवानगी मिळते, ती जोतं लाल रेषेच्या वर घेण्याच्या अटीवर. ऐकायला सोपं वाटतं. पण तुमच्या बोळापेक्षा लाल रेषा आठ-दहा फूट वर असेल, तर तळमजला नुसता खांबांवरचा मोकळा राहणार. सहाशे फुटांच्या जागेत जिना काढला, सामाईक भिंती सोडल्या, विकास आराखड्यात रस्तारुंदी असेल तर पुढची पट्टी गेली, मग हातात काय राहतं? ‘पाडून नवीन बांधू’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी हे मोजलेलं नसतं. महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा, झोन दाखला आणि पूररेषेची स्थिती हे सगळं लेखी घ्या. तोंडी माहितीवर घर घेऊ नका.

भिंतीबद्दल मात्र मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण तिथं पैशाबरोबर जिवाचा प्रश्न आहे.

या भागातली बरीच जुनी घरं अशी असतात: दगडाचं जोतं, त्याच्यावर पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची जाड भिंत, सागवानी खांब-तुळया, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर) किंवा मंगलोरी कौलं. मूळची भिंत माती-चुन्यानं लिंपलेली असायची, ती ओल प्यायची आणि सोडायची. मागच्या तीस-चाळीस वर्षांत दोन्ही अंगांनी सिमेंटचा गिलावा चढला. आता पुराचं पाणी खालून आत शिरतं, पण सिमेंट ती ओल बाहेर जाऊ देत नाही. भिंत आतल्या आत मऊ आणि जड होत राहते. २०१९ च्या पुरानंतर मी एका घरात गेलो होतो. पाणी उतरून पंधरवडा झाला होता, गाळ काढून, घर धुऊन त्या मंडळींनी गणपतीही बसवला होता. गिलावा टणक होता, चीर एकही नव्हती. मी बोटाच्या पेरानं भिंत वाजवत गेलो. वरच्या भागात खणखणीत, खाली मात्र छातीच्या उंचीपर्यंत भद्द आवाज. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा काढला तर आतून ओली माती भुरूभुरू खाली आली. मंडळींना त्याच दिवशी पुढच्या खोलीत हलवलं. दोन दिवसांनी, लख्ख उन्हात, ती भिंत मागच्या बोळात बसली. कुणालाही खरचटलं नाही, पण तिथं झोपायची जागा होती.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा रंग बघू नका. भिंत खालून वर वाजवत जा. कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत नव्या फरशा लावल्या असतील तर त्या तिथंच का थांबल्या ते विचारा. बहुतेक वेळा त्यांच्यामागं पुराची रेघ असते. खांबाच्या तळाशी आणि तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं जाड टोचणीनं दाबून बघा. तुळई मधोमध सागवानाचा कस दाखवत असते, आणि भिंतीत दडलेलं वीतभर टोक ओलीनं, वाळवीनं भुसभुशीत झालेलं असतं. सगळं माळवद त्या टोकावर उभं असतं. अशा घराला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे का, तेही पाहा. नोटीस असताना भाडेकरू ठेवलात आणि काही झालं, तर जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची.

कागदांकडे वळू. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. महापालिका कर वसूल करण्यासाठी नाव लावते. शहरातल्या जुन्या घराची मालकी बघायची ती नगर भूमापनच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर. जुन्या भागातल्या घरांमध्ये बऱ्याचदा कार्डावर अजून आजोबांचंच नाव असतं. आजोबा जाऊन पन्नास वर्षं झालेली, त्यांची मुलं, मुली, नातवंडं, कुणी सोलापूरला, कुणी अमेरिकेत. तुमच्याशी बोलणारा नातू ‘सगळ्यांची संमती आहे’ म्हणतो. संमती म्हणजे वारस नोंद होऊन प्रत्येकाची खरेदीखतावर सही, किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं, नोटरी केलेलं चालत नाही. आणि मुलींच्या सह्या! वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. ‘आत्याला लग्नात दिलंय सगळं’ या वाक्यावर दहा लाख लावू नका.

एजंट कधी सुचवतो की सध्या दोन भावांचा हिस्सा घ्या, बाकीचं नंतर बघू. राहत्या घराचा अविभक्त हिस्सा परक्या माणसानं घेतला तर त्याला कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. त्यानं वाटपाचा दावा लावला, तर उरलेले भागीदार कोर्टानं ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा परत विकत घेऊ शकतात. म्हणजे पैसे तुमचे अडकतात आणि घर त्यांच्याकडेच राहतं. असा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी करू नका.

प्रॉपर्टी कार्डावर ‘सत्ताप्रकार’ असा एक रकाना असतो, तोही वाचा. तिथं ‘ब’ असेल तर जमीन सरकारनं अटीवर दिलेली असू शकते आणि विकायला पूर्वपरवानगी लागू शकते. देवस्थान इनामाचा शेरा असेल तर तिथूनच परत फिरा. या सगळ्यासाठी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हा खर्च दर घरामागे करावाच लागतो. नऊ लाखांच्या घरालाही वकील तेवढंच काम करतो जेवढं नव्वद लाखांच्या घराला.

खणभागातल्या घरात जुना भाडेकरू आहे आणि ‘तो निघेल, आम्ही बघतो’ असं सांगितलंय. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि त्याच्या पश्चात बरोबर राहणाऱ्या घरच्यांनाही. तो निघून रिकामा ताबा मिळाल्यावरच खरेदीखत करा, आधी नको. शामरावनगरातलं घर गुंठेवारीतलं. २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. तुमच्या घराला तो नियमितीकरणाचा दाखला आहे का, एवढाच प्रश्न विचारा. नसेल तर बँक कर्ज देणार नाही, म्हणजे पुढं तुमच्याकडून घेणाऱ्यालाही मिळणार नाही. शिवाय तो भाग सखल आणि जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तिरक्या चिरा देते. पाया कसा आहे हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता हिशेब. तुमचं गावभागातलं एक घर धरू. भाव ९ लाख. समजा रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरपत्रकानं, त्याच मिळकतीचं मूल्य १४ लाख निघालं. जुन्या भागात हे होतं, कारण बांधकामाला वयाप्रमाणे घसारा मिळतो, जमिनीला मिळत नाही, आणि अशा घराची बहुतेक किंमत जमिनीचीच असते. मुद्रांक शुल्क नऊवर नाही, चौदावर लागणार: महापालिका हद्दीत सहा टक्के, म्हणजे ८४ हजार (बाईच्या नावानं घेतलं तर एक टक्का सवलत). नोंदणी फी एक टक्का, १४ हजार. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. सरकारी मूल्य आणि खरेदीची किंमत यांतला फरक दहा टक्क्यांपेक्षा आणि ५० हजारांपेक्षा जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो. तुमच्या बाबतीत ५ लाख. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १ लाख ५६ हजार आयकर. डेट्रॉइटच्या घरपट्टीचा मुद्दा लक्षात ठेवा म्हणालो होतो तो हाच.

पूररेषा, धोकादायक बांधकाम, जुना भाडेकरू अशी कारणं असतील तर कमी मूल्य मागता येतं. खरेदीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा (शुल्क किती लागेल ते आधीच ठरवून घेण्याचा) अर्ज करता येतो आणि आयकरातही विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा असं म्हणता येतं. पण ते काम कागदोपत्री पुराव्यानिशी, खरेदीच्या आधी करायचं. नोटीस आल्यावर धावपळ करून फार हाती लागत नाही. फरक रोखीनं मिटवू, असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे.

तर ९ लाख, मुद्रांक-नोंदणीचे ९८ हजार, आयकर १ लाख ५६ हजार, वकील-सर्च-नोटीस मिळून समजा २५ हजार. छप्पर, वायरिंग, संडास-मोरी आणि एक भिंत नव्यानं करायला ३ लाख धरा. पावणेपंधरा लाखांच्या वर गेलात. भाडं ४,५०० मिळेल असं तुम्ही लिहिलंय. वर्षातले दोन महिने घर रिकामं जाणार हे गृहीत धरलं तर ४५ हजार. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी, कौलं सारखी करणं, बारीकसारीक डागडुजी यांचे १२-१३ हजार वजा करा. साडेबत्तीस हजार उरले. टक्केवारीनं साधारण २.२ टक्के. बँकेतली ठेव याच्या दुपटीहून जास्त देते आणि ऑगस्टमध्ये रात्री फोन करून ‘पाणी पायरीला लागलंय’ असं सांगत नाही. पुराचा विमा घेता येतो, पण मातीच्या भिंतींच्या घराला कंपनी तो देणार का, हे खरेदीआधी लेखी विचारा.

आणि हे चार पटीनं. चार घरं म्हणजे चार छपरं, चार भाडेकरू, चार घरपट्ट्या, चार ठिकाणचे वारस. पैसे चार जागी विभागले की जोखीम कमी होते, हे शेअर्सना लागू आहे. इथं मात्र चारांपैकी दोन घरं एकाच नदीच्या एकाच पुरात जाणार आहेत.

भाडं कोण देतो, हेही बघा. सांगलीत चांगल्या भाडेकरूची ओढ आहे ती वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजमुळे विश्रामबागेत, दवाखान्यांमुळे मिरजेत, कारखान्यांमुळे कुपवाडला. मिरजेत तर परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, पेशंटची माणसं यांच्यामुळे लहान घर फार दिवस रिकामं राहत नाही. गावभागात मागणी आहे ती बाजारपेठेत काम करणाऱ्यांची. माणसं सज्जन असतात, पण भाडं वाढवून द्यायची त्यांची ऐपत मर्यादित असते. तुम्ही पुण्यात बसून हे करणार असाल तर इथं किल्ली ठेवणारं, नळ गळला तर जाऊन बघणारं विश्वासाचं माणूस लागेल, आणि त्याला मोबदला द्या. मामांवर फुकट ढकललेलं काम वर्षभर चालतं, दुसऱ्या वर्षी नात्यात कटुता येते.

मग जुनी घरं कधीच घेऊ नयेत का? घ्यावीत. माझ्या डोळ्यांसमोर लोकांनी चांगली घेतली आहेत. त्या घरांत बहुतेक वेळा असं दिसतं की ती स्वस्त होती ती दुरुस्त होण्याजोग्या कारणानं. वारस पाच होते, पण सगळे हयात आणि एकमेकांशी बोलणारे, फक्त एकत्र बसून सह्या करायला कुणी पुढाकार घेतला नव्हता. किंवा छप्पर गेलं होतं पण जोतं नि भिंती पक्क्या होत्या. असं घर २०१९ ला कोरडं राहिलेलं असेल, रस्ता गाडी जाईल एवढा असेल आणि घेणाऱ्याला धीर असेल, तर मी स्वतः ‘घ्या’ म्हणतो. पाणी आणि अरुंद जागा ही कारणं मात्र कुणाच्याच हातानं दूर होत नाहीत, ती भाव आणखी दोन लाखांनी पाडूनही भरून निघत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर चाराऐवजी एकच घेतलं असतं. लाल रेषेबाहेर, मिरजेत दवाखान्यांच्या चालत्या अंतरावर किंवा विश्रामबागेत एखादा जुना, पण कागद स्वच्छ असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट किंवा छोटं बैठं घर, आणि उरलेले पैसे दुरुस्तीसाठी हाताशी. आईच्या माहेरची ओढ म्हणून गावभागातच हवं असेल, तर ती भावना मी समजू शकतो. मग नदीकडच्या दोघांपैकी जे घर कमी बुडतं ते एकच घ्या, आणि ते गुंतवणूक म्हणून नव्हे, वापरायला म्हणून घ्या.

इसार देण्याआधी एवढं करा. चारही मिळकतींची डिजिटल सहीची प्रॉपर्टी कार्डं ऑनलाइन काढा, फी किरकोळ आहे. इसार पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: सर्व वारसांच्या सह्या आणि रिकामा ताबा देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, सर्च किंवा पूररेषेच्या दाखल्यात दोष निघाला तर इसार पूर्ण परत, आणि खरेदीखतापूर्वी तुमच्या इंजिनिअरला दोन ठिकाणी गिलावा काढून भिंत तपासू द्यायची. कार्डावरचा सत्ताप्रकार, हयात आणि मयत नावं किती, आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली २०१९ ची पाण्याची खूण, एवढं मला कळवा. कुठल्या घरासाठी वकिलाचा खर्च करण्यात अर्थ आहे ते त्यावरून सांगता येईल.